शपथ आणि संगत
येलदरीच्या वाचकांसाठी मद्यमुक्तीच्या सभांविषयी काही मार्गदर्शन

दारू सोडण्याचा निश्चय केलेला मनुष्य आपल्याकडे प्रथम देवळाची वाट धरतो. येलदरी असो, जिंतूर असो की पूर्णेपलीकडचे सेनगाव असो, क्रम बहुधा ठरलेलाच आढळतो : बायकामुले आणि चार वडीलधारी यांच्यासमक्ष भंडारा उचलून शपथ घ्यावयाची, औंढ्याच्या नागनाथाला साकडे घालावयाचे, आणि एवढ्यानेही मन स्थिर होत नाही असे दिसले म्हणजे पंढरीस जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून घ्यावयाची. या मार्गाची थट्टा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. माळेने सावरलेली घरे मराठवाड्यात गावोगाव आहेत. परंतु ज्याची माळ टिकली आणि ज्याची महिन्याभरात खुंटीवर गेली, त्या दोघांची हकीकत शेजारी ठेवून पाहिली तर भेद श्रद्धेच्या तीव्रतेत सहसा सापडत नाही. माळ घातल्यानंतरच्या संध्याकाळी मनुष्य कोठे जाऊन बसला, यात तो सापडतो. ज्याने आपली संध्याकाळ हरिपाठाला आणि भजनाला दिली, एकादशीचे कीर्तन आणि वर्षाची दिंडी चुकवली नाही, आणि टाळकऱ्यांच्या रांगेतील आपली जागा रिकामी राहिली तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी दारात येऊन चौकशी करील याची ज्याला खात्री होती, त्याची माळ टिकली. ज्याने माळ घालून पुन्हा जुन्याच मंडळींत बैठक मारली, त्याची शपथ त्या मंडळींनीच मोडली.

शपथ एका दिवसाची असते, तलफ रोजची असते, आणि रोजच्या शत्रूला रोजचीच संगत तोंड देऊ शकते, एवढे सूत्र ध्यानात घेतले म्हणजे मद्यमुक्तीच्या सभांचे प्रयोजन वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. जात, धर्म, पक्ष किंवा ऐपत न विचारता, कसलाही मोबदला न घेता आणि नावाचा बोभाटा न करता ही संगत पुरविण्याची तजवीज ज्या सभांनी केली आहे, त्यांत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एए’, ही सर्वांत जुनी आणि सर्वांत विस्तृत होय. या सभांपर्यंत येलदरीच्या माणसाने पोहोचावे कसे, तेथे वागावे कसे, आणि सभा हाताशी नसेल तर काय करावे, याचा विचार पुढे केला आहे.

सभेचे मूळ

1935 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातील एक दलाल व्यवहारात अपयश पदरी घेऊन हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते, आणि समोरच्या मद्यगृहातून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. आपण आता पिणार, हे त्याला कळून चुकले; आणि त्या क्षणी त्याने जी गोष्ट केली तिच्यावरच पुढची सारी चळवळ उभी राहिली. त्याने तेथील एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी करून, ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा कोणी मद्यपी गावात आहे काय, याची चौकशी चालविली. त्या चौकशीतून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. हे डॉक्टर स्वतःच दारूत बुडालेले होते आणि पंधरा मिनिटांच्या वर थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. प्रत्यक्षात दोघे काही तास बोलत बसले. त्यानंतर एकदा घसरून डॉ. बॉब यांनी 10 जून 1935 रोजी शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. डॉक्टरला उपदेश करणारे त्यापूर्वी पुष्कळ भेटले होते. आपली स्वतःची फजिती मोकळेपणाने सांगणारा आणि ती सांगितल्याशिवाय आपण स्वतः तगणार नाही असे कबूल करणारा मनुष्य मात्र त्यांना प्रथमच भेटला होता.

1939 साली संस्थेचा मूळ ग्रंथ निघाला. त्यातील बारा पायऱ्या प्रत्येक सदस्याच्या वाटचालीसाठी आहेत. पुढे 1950 साली मान्य झालेल्या बारा परंपरा समूहाच्या कारभारासाठी आहेत. भारतात या सभांचा आरंभ 1957 च्या सुमारास झाला. महाराष्ट्रात या विचाराला मराठी घराची ओळख मिळवून देण्याचे काम पुण्याच्या ‘मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रा’ने मोठ्या प्रमाणावर केले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या आर्थिक आधारावर, 1986 साली येरवड्यास हे केंद्र सुरू केले. तेथे उपचार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला पाठपुराव्याच्या सभेस येत राहण्याचा आग्रह धरला जातो, कारण रुग्णालयात सुटते ती दारू आणि बाहेर आल्यावर सोडावयाची असते ती राहणी, हे तेथील मंडळींस अनुभवाने ठाऊक आहे.

केवळ अनुभवावर विसंबणे ज्यांना पटत नाही त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, 2020 साली ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 27 अभ्यासांचा आणि त्यांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा परामर्श घेऊन असा निष्कर्ष काढला की, एएच्या सभांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार अन्य प्रस्थापित मानसोपचारांच्या तुलनेने अखंड मद्यविरहित राहण्याच्या बाबतीत सरस ठरतात.

सभेपूर्वी डॉक्टर

येथे एक इशारा अत्यंत निकराने द्यावयास हवा. जो मनुष्य पुष्कळ वर्षे रोज आणि भरपूर पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्याबरोबर ज्याला क्वार्टर लागते, त्याने शपथेच्या भरात एकाएकी दारू बंद करून घरात पडून राहणे हे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच कंप, घाम, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसू लागतात, कानी आवाज येतात, वेळकाळाचे भान सुटते. खेड्यात या अवस्थेला ‘बाहेरची बाधा’ समजून अंगारा लावण्यात अमूल्य तास घालविले जातात, आणि रोगी दगावतो तो त्या तासांत. अशा माणसास जिंतूरच्या सरकारी रुग्णालयात अथवा परभणीच्या जिल्हा रुग्णालयात नेऊन, तो रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली हे न लपविता सांगावे. फिट आली किंवा शुद्ध हरपू लागली तर तत्काळ 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. योग्य औषधे आणि बी-1 जीवनसत्त्व वेळेवर मिळाले तर हा टप्पा थोड्याच दिवसांत निभावून जातो.

दुसरा इशारा घरच्या मंडळींना. बाजारात ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवणारी’ पूड विकली जाते आणि ती भाजीत किंवा चहात कालवून देण्याचा सल्लाही आपुलकीने दिला जातो. अशा पुड्यांत काय असते याची खातरजमा कोणीच करू शकत नाही. आणि दारूचा तिटकारा निर्माण करणारे जे खरे औषध डॉक्टर देतात तेदेखील, घेणाऱ्यास माहिती नसताना दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब एकाएकी उतरून प्राणावर संकट आणते. सबब, नकळत काहीही देऊ नये.

सभा आणि वैद्यकीय उपचार यांत विरोध नाही. डॉक्टरने चालू केलेली औषधे बंद कर, असे सभेत कोणी सांगितल्यास तो त्या सदस्याचा वैयक्तिक आगाऊपणा समजावा. औषधांचा निर्णय डॉक्टरकडेच राहू द्यावा.

सभा शोधावी कशी

येलदरीच्या रहिवाशाने चौकशीचे चार दरवाजे ठोठावावेत, आणि एकाने दाद दिली नाही म्हणून उरलेले सोडून देऊ नयेत.

पहिला दरवाजा खुद्द एएचा. संस्थेची भारतातील मुख्य कचेरी मुंबईत असून तिच्या संकेतस्थळावर ठिकठिकाणच्या सभांची माहिती आणि मदतीचे क्रमांक मिळतात. विचारताना जिंतूर, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या क्रमाने विचारावे, म्हणजे जवळची सभा निसटणार नाही. सभा कोणत्या वारी व किती वाजता, कोणत्या भाषेत, खुली की बंद, आणि तेथे पोहोचल्यावर कोणास भेटावे, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. ‘खुल्या’ सभेस कुटुंबीय, मित्र किंवा केवळ जिज्ञासूही बसू शकतात. ‘बंद’ सभा फक्त ज्याला आपली दारू सुटावी असे वाटते त्याच्यासाठी असते. जागा आणि वेळ अधूनमधून बदलतात, म्हणून बसमध्ये चढण्यापूर्वी त्याच दिवशी एक फोन करून खात्री करून घ्यावी. परभणीपर्यंत जाऊन कुलूप पाहून परतण्याची निराशा नवख्या माणसाला परवडत नाही.

दुसरा दरवाजा सरकारी. केंद्र शासनाचा व्यसनमुक्तीसाठीचा विनामूल्य क्रमांक 14446 हा आहे, आणि मनाच्या आजारांसाठीच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा. नाव सांगण्याची सक्ती नसते. तिसरा दरवाजा परभणीच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली काम करणारे समुपदेशक आणि समाजसेवक यांना आसपास कोणते समूह चालू आहेत याची माहिती पुष्कळदा कागदापेक्षा अधिक ताजी असते. चौथा दरवाजा मुक्तांगणसारख्या संस्थांचा : तेथे उपचार घेतलेली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली असल्याने पाठपुराव्याच्या बैठकींची वार्ता तेथून मिळू शकते.

आणि अंतरच मोठे असेल तर ऑनलाइन सभा आहेत. 2020 च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष सभा बंद पडल्या तेव्हा या सभांनी मोठा वेग घेतला, आणि त्यांचा खरा लाभ झाला तो आडगावच्या माणसाला. मराठी किंवा हिंदी सभा निवडावी. चित्र बंद ठेवून, नाव बदलून नुसते ऐकत बसण्याची मुभा असते. मात्र घरात सर्वांसमक्ष मोबाइल मोठ्याने लावून बसू नये. इतर सदस्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्यामुळे भलत्या कानांवर पडतात. कानात इअरफोन घालावा, आणि धरणाकडचा रस्ता, शेतातील आखाडा, जेथे रेंज येते आणि माणूस येत नाही अशी जागा आधी हेरून ठेवावी.

खाजगी केंद्रात भरती करण्याचा विचार असल्यास आणखी सावधगिरी हवी. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव केलेला आहे; म्हणून केंद्राची नोंदणी आहे काय, डॉक्टर प्रत्यक्ष येतात काय, घरच्यांस भेटू देतात काय आणि खर्चाचा लेखी हिशेब देतात काय, हे विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. रात्री गाडी पाठवून माणसाला बांधून नेण्याची तयारी जे दाखवितात, त्यांच्या वाटेस जाऊ नये.

पहिल्या दिवशी काय घडते

सभेची जागा बहुधा साधी असते : शाळेचा एखादा वर्ग, चर्चच्या आवारातील खोली, रुग्णालयाचे सभागृह. प्लॅस्टिकच्या खुर्च्या वर्तुळात मांडलेल्या असतात, भिंतीवर बारा पायऱ्यांचा फलक लटकत असतो, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि बिस्किटांचा पुडा असतो. दारात कोणी रजिस्टर पुढे करीत नाही. हजेरीपट नाही, आधार कार्ड नाही, जातीचा रकाना नाही. कोणीतरी उठून हात मिळवितो आणि ‘पहिल्यांदाच का?’ एवढेच विचारतो. ‘होय’ म्हणावे, त्या एका होकाराने पुढच्या तासाभराची बरीचशी धास्ती उतरते.

ठरल्या वेळी त्या दिवशीचा अध्यक्ष प्रास्ताविक वाचून दाखवितो. अध्यक्ष हा कोणी गुरू नसतो. ते काम पाळीपाळीने सर्वांकडे येते. मग एकेक जण बोलतो, आणि बोलण्यापूर्वी आपले पहिले नाव सांगून आपण अल्कोहोलिक असल्याचे म्हणतो. हे वाक्य प्रथम कानावर पडते तेव्हा नवख्या माणसाला अंगावर काटा येतो, कारण गावात जी शिवी म्हणून ऐकली ती येथे ओळख म्हणून, आणि तीही हसतमुखाने, सांगितली जाते. एकजण पगाराच्या दिवशी घरी न पोहोचलेल्या पाकिटाची गोष्ट सांगतो. दुसरा मुलीच्या लग्नात आपल्याला मांडवाबाहेर बसविल्याची. तिसरा, कालच पावसात अडकलो असता गुत्त्याच्या छपराखाली उभे राहावे लागले आणि तेथून आपण एका साथीदाराला फोन लावला, एवढेच सांगून बसतो. या शेवटच्या माणसाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे. मोठ्या पतनाच्या कथा अंगावर येतात हे खरे, परंतु उद्या संध्याकाळी उपयोगास येते ती छपराखालच्या फोनची.

कोणी बोलत असताना मध्ये बोलावयाचे नाही, त्यास सल्ला द्यावयाचा नाही, त्याच्या बोलण्यावर टीका करावयाची नाही, हा दंडक कसोशीने पाळला जातो. नवख्याची पाळी आली आणि बोलावेसे वाटले नाही, तर ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणून पुढच्याकडे पाहावे. कोणी आग्रह करीत नाही. मध्येच एक पिशवी फिरते आणि ज्याला शक्य असेल तो तीत काही टाकतो. वर्गणी मात्र नाही, आणि नवख्याने काहीही टाकण्याची अपेक्षा नाही. जागेचे भाडे आणि चहा त्यातून निघतो, बाहेरची देणगी घेतली जात नाही. अखेरीस सारे उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात. तीत आणि पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो. परंतु तो ज्याला जसा समजला तसा देव, अशी स्पष्ट सवलत आहे. त्यामुळे वारकरी, मुसलमान, बौद्ध आणि ज्याचा कशावरच विश्वास नाही तो, असे सारे एका खोलीत बसू शकतात.

सभा संपल्याबरोबर पळू नये. खरे काम पुष्कळदा नंतरच्या चहाच्या कपापाशी होते. दोन-तीन जणांचे फोन क्रमांक घ्यावेत, आणि त्यांतील एकास दुसऱ्याच दिवशी, तलफ आलेली नसतानाही, फोन करावा. सुखात ज्याचा क्रमांक एकदा फिरवून ठेवला आहे, त्याचाच संकटात बोटांना आठवतो. काही आठवड्यांनी, ज्याची वागणूक आपल्याला पटते अशा जुन्या सदस्यास आपला ‘स्पॉन्सर’ होण्याची विनंती करावी. पुरुषाने पुरुषास आणि स्त्रीने स्त्रीस, असा संकेत आहे. स्पॉन्सर हा सावकार नव्हे, वकील नव्हे आणि वैद्यही नव्हे. पायऱ्यांच्या वाटेवर चार पावले पुढे चाललेला सोबती, एवढीच त्याची भूमिका.

लहान गावाचा संकोच

मुंबईच्या माणसाला अनामिकता फुकट मिळते. येलदरीच्या माणसाला ती कमवावी लागते. धरणाच्या कॅम्पातील वसाहत, जलविद्युत केंद्रातील नोकर, जलाशयावरचे मासेमार आणि आसपासचे शेतकरी हे सारे एकमेकांना नावाने आणि पुष्कळदा बापाच्या नावानेही ओळखतात. मग आपण सभेस गेल्याचे गावभर होणार, ही भीती रास्त आहे. तिच्यावरचे उपाय मात्र व्यावहारिक आहेत. पहिले काही महिने जिंतूरच्याही पुढे, परभणीस किंवा अन्य शहरी सभा गाठावी. बाजाराचा, दवाखान्याचा किंवा मोंढ्याच्या कामाचा दिवस आणि सभेचा दिवस यांची सांगड घालावी. संध्याकाळच्या सभेनंतर परतीची एस. टी. मिळणार नसेल तर रविवार सकाळची सभा निवडावी, नाहीतर मुक्कामाची सोय नातेवाइकाकडे आधीच करून ठेवावी. शेवटची गाडी चुकून स्टँडवर एकट्याने काढलेली रात्र ही नव्या माणसासाठी फार वाईट परीक्षा असते.

आणि समजा, त्या खोलीत येलदरीचाच कोणी ओळखीचा चेहरा दिसला, तर दचकू नये. तोही त्याच कारणासाठी तेथे आला आहे आणि त्याच्याही तोंडाला तेच बंधन आहे : येथे जे ऐकले ते येथेच ठेवावयाचे. उलट, तोच मनुष्य पुढे गावात आपला पहिला आधार ठरण्याचा संभव अधिक. शिवाय एक कडू सत्य असे की, आपण पितो ही वार्ता गावाला पूर्वीपासून आहे. गुप्त राहिलेली गोष्ट असलीच तर ती आपण सोडू पाहतो एवढीच.

हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कुटुंबांसाठी एक विशेष सूचना. कारखान्याच्या तळावर दिवसभराची अंगमेहनत, हातात पडणारी उचल आणि रात्रीची हातभट्टी यांचा मेळ फार घातक असतो. निघण्यापूर्वीच, आपण ज्या जिल्ह्यात जाणार तेथील सभांची माहिती काढून जवळ ठेवावी, आणि मुकादमाला विश्वासात घेता येत असेल तर आठवड्यातून एका संध्याकाळची मोकळीक मागून घ्यावी.

पिणाऱ्या स्त्रियांचा संकोच याहून दुप्पट असतो, कारण पुरुषाला गाव हसते आणि स्त्रीला गाव वाळीत टाकते. त्यांनी स्त्रियांच्या ऑनलाइन सभेपासून आरंभ करावा. स्त्रियांच्या निवासी उपचारासाठी मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

घरच्या मंडळींसाठी

दारू एक पितो आणि आजारी सारे घर पडते. नवऱ्याच्या गैरहजेरीचे खोटे अर्ज लिहून देणे, उधारी गुपचूप फेडणे, बाटल्या शोधून ओतणे, पाहुण्यांत सारवासारव करणे, या कामांत पत्नीचे सारे आयुष्य झिजते आणि दारू मात्र जागेवरच राहते. अशा कुटुंबीयांसाठी 1951 साली ‘अल-अ‍ॅनॉन’ हा स्वतंत्र समूह निघाला आणि बिल विल्सनची पत्नी लोइस ही त्याच्या संस्थापकांपैकी होती. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ या नावाने असेच काम चालते. येथे प्रथम शिकविले जाते ते हे की, त्याच्या पिण्याचे कारण आपण नाही, ते ताब्यात ठेवणे आपल्या हाती नाही, आणि तो सभेस जावो अथवा न जावो, आपण मात्र आपल्या सभेस जाऊ शकतो.

नवरा शुद्धीवर असताना, सकाळी, शांतपणे आणि थोडक्यात बोलावे. रात्री झिंगलेल्या माणसाशी वाद घालणे व्यर्थ आहे. ‘तू दारूडा आहेस’ असे म्हणण्याऐवजी ‘परवा पोराच्या फीचे पैसे गेले, मी फार घाबरले’ असे म्हणावे. सभेस सोबत हवी असल्यास खुल्या सभेस बरोबर जावे. तेथे तो काय बोलला याची घरी उलटतपासणी घेऊ नये. मारहाण होत असेल तर मात्र समजूतदारपणाची ही सारी कलमे बाजूस ठेवून 112 किंवा स्त्रियांसाठीच्या 181 क्रमांकावर वर्दी द्यावी. व्यसन हा आजार आहे, परंतु मारहाण हा गुन्हाच आहे.

घसरण झाली तर

एखाद्या लग्नात, पोळ्याच्या दिवशी, गटारीला किंवा नुसत्याच रिकाम्या दुपारी पाय घसरतो. सभेत याला ‘स्लिप’ म्हणतात. अशा वेळी दोन चुका सर्रास होतात : सारे मुसळ केरात गेले असे मानून पुढचे चार दिवस पीत राहणे, आणि लाजेपोटी सभेस तोंड न दाखविणे. दोन्ही टाळावे. दुसऱ्या दिवशी सभेस जाऊन जे घडले ते सांगावे. तेथे बसलेल्यांपैकी अनेकांनी हीच कबुली पूर्वी दिलेली असते. सभेचे पालुपद ‘फक्त आजचा दिवस’ असे असते, आणि शपथेहून ते निराळे आहे ते येथेच : जन्मभराची शपथ एका पेल्याने कायमची मोडते, आजच्या दिवसाचा संकल्प उद्या सकाळी पुन्हा नवा करता येतो. मात्र काही आठवडे जोरात प्यायल्यानंतर पुन्हा एकदम बंद करावयाची असेल, तर वर सांगितलेला डॉक्टरचा इशारा पुन्हा लागू होतो.

येलदरीत सभा उभी करावयाची असेल तर

एएच्या परंपरेनुसार, दारू सोडण्याची इच्छा असलेली दोन-तीन माणसे त्या एकाच हेतूने एकत्र बसली की समूह झाला. त्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही. म्हणून ज्याने बाहेरच्या सभेत काही काळ काढला आहे आणि ज्याला गावचा आणखी एक सोबती मिळाला आहे, त्याने येलदरीत आठवड्यातून एक वार आणि एक वेळ निश्चित करून बसण्यास आरंभ करावा. शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली अल्प का होईना भाडे देऊनच घ्यावी, फुकट घेऊ नये. खोली ज्याची, सभा त्याची, असे गावात लवकरच होऊन बसते. सरपंचाची देणगी, आमदाराचे उद्घाटन, वर्तमानपत्रातील छायाचित्र, ही तिन्ही नम्रपणे नाकारावीत. मुंबईच्या कचेरीस इत्तला देऊन मराठी साहित्य मागवावे आणि आपल्या समूहाची नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढे जिंतूरहून कोणी चौकशी केली तर त्याला येलदरीचे नाव सांगितले जाईल.

गावातील स्त्रिया दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान मागत असतील, बाटली आडवी करण्याचा ठराव आणत असतील, तर सदस्याने नागरिक म्हणून त्यात खुशाल भाग घ्यावा. परंतु समूहाच्या नावाने काही बोलू नये. एए दारूबंदीच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. बाहेरच्या कोणत्याच वादात ती पडत नाही. सभा गावच्या राजकारणात एकदा ओढली गेली की दुसऱ्या बाजूच्या पिणाऱ्यास तिचा दरवाजा कायमचा बंद होतो.

आरंभी एखाद्या आठवड्यात खोलीत एकटेच बसण्याची वेळ येईल. तरीही ठरलेला तास पुरा करावा, वाचन करावे, आणि मगच दार ओढून घ्यावे. कारण आपण पंधरा मिनिटांत निघून गेलो आणि सोळाव्या मिनिटाला कोणी धीर करून आला, तर तो पुन्हा येईल याचा भरवसा नसतो.

ज्या वाचकाला हे सारे स्वतःसाठी वाचावे लागले, त्याने आज एकच गोष्ट करावी. रोजची आणि जुनी दारू असेल तर सोडण्याच्या भरात न पडता डॉक्टरची वेळ ठरवावी. नसेल तर 14446 वर फोन करून किंवा एएच्या यादीत पाहून एका सभेचा वार, वेळ आणि ठिकाण कागदावर लिहावे, आणि त्या दिवशीची परतीची एस. टी. कोणती, हे त्याच कागदावर खाली लिहून ठेवावे. देवळाची शपथ घेतली असेल तर ती मोडू नये. तिच्या सोबतीला ही संगत जोडून घ्यावी.